सायंटॉलॉजीचा मीटर आणि घट्टे पडलेले हात

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सायंटॉलॉजी या अमेरिकेत निघालेल्या पंथावर आलेल्या लेखातली दोन विधाने दुरुस्त व्हायला हवीत. एक असे की, ही साधना चर्चच्या अधिकृत केंद्राशिवाय करताच येत नाही. दुसरे असे की, बैठकीत हातांत डबे धरून वापरायचे त्यांचे ‘ई-मीटर’ हे विजेचे यंत्र मनावरचा भार मोजते. पहिल्या विधानाने फारसे बिघडत नाही. दुसऱ्याने बिघडते, आणि यवतमाळ-वर्ध्याच्या कापूसपट्ट्यात किंवा चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावांत ते पुण्या-मुंबईपेक्षा जास्त बिघडू शकते. मोबाइलवर व्हिडिओ पाहून ‘आपणही करून पाहू’ म्हणणारी तरुण मुले आता आमच्याकडेही आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून तपशिलात लिहीत आहे. पत्र लांबेल, क्षमा असावी.

आधी चर्चबाहेरच्या लोकांविषयी. या पंथाचे संस्थापक, अमेरिकी लेखक एल. रॉन हबर्ड यांनी १९५० साली डायनेटिक्स ही मन मोकळे करण्याची पद्धत मांडली, १९५३ च्या डिसेंबरात सायंटॉलॉजीच्या चर्चची नोंदणी केली आणि जानेवारी १९८६ मध्ये ते वारले. फूट त्यांच्या हयातीतच पडली होती. १९८२ मध्ये ट्रेडमार्क सांभाळण्यासाठी रिलिजस टेक्नॉलॉजी सेंटर ही संस्था निघाली आणि त्याच सुमारास जुने जाणते लोक मोठ्या संख्येने बाहेर पडले किंवा काढले गेले. खुद्द हबर्ड यांचे ऑडिटर (हिशेब तपासणारे नव्हे, बैठकीत प्रश्न विचारणारे) राहिलेले डेव्हिड मेयो यांनी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे वेगळे केंद्र काढले. हबर्ड यांचे जुने सहकारी बिल रॉबर्टसन यांनी युरोपात ‘फ्री झोन’चा, म्हणजे चर्चबाहेर साधना करणाऱ्यांचा झेंडा लावला, त्यातून जर्मनीत ‘रॉन्स ऑर्ग’ उभे राहिले. २००० साली इंटरनेटवरच्या एका पत्त्यावरून चर्चने जर्मनीतल्या फ्री झोन संघटनेविरुद्ध जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे तक्रार केली, तेव्हा निर्णय फ्री झोनच्या बाजूने लागला. इस्राएलमधल्या हैफाचे अख्खे केंद्र २०१२ मध्ये चर्चमधून बाहेर पडले. तेव्हा ‘करताच येत नाही’ हे खरे नाही. चर्च अशांना ‘स्क्विरल’ म्हणून हिणवते आणि हबर्ड यांच्या फेब्रुवारी १९६५ च्या, पद्धतीत काडीचाही बदल न करण्याच्या धोरणपत्रावर बोट ठेवते. गंमत अशी की बाहेरचेही त्याच पत्रावर बोट ठेवून म्हणतात, बदल तुम्ही केलेत, मूळ पद्धत आमच्याकडे आहे.

आपल्याकडच्या कायद्यापुरते एवढे पुरे: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे हबर्ड यांचा मजकूर २०४६ अखेरपर्यंत संरक्षित आहे. त्याचे मराठी भाषांतर करून झेरॉक्स वाटणे चालणार नाही. पद्धत समजून घेऊन आपल्या शब्दांत वापरणे ही वेगळी गोष्ट. दारावर ‘सायंटॉलॉजी’ची पाटीही लावू नये, त्या नावाच्या ट्रेडमार्कवरून जगभर खटले झाले आहेत.

आता प्रत्यक्ष बैठक. दोनच माणसे असतात, विचारणारा ऑडिटर आणि बोलणारा. ऑडिटरने आधी तालमी करायच्या. पहिली तालीम म्हणजे साधारण तीन फुटांवर समोरासमोर बसून काही न करता नुसते समोरच्याकडे पाहणे. आधी डोळे मिटून, मग उघडे ठेवून. हसू येते, पाय हलतो, डोळे भरतात. दोन तास सहज बसता येईपर्यंत हीच चालू ठेवतात. मग समोरचा मुद्दाम चिडवतो, टोमणे मारतो, आणि तरी आपण ढळायचे नाही. त्यानंतर प्रश्न स्पष्ट पोचवणे, उत्तर मिळाले की पावती देणे, उत्तर टाळले गेले तर तोच प्रश्न न चिडता पुन्हा विचारणे, आणि मध्येच बोलणाऱ्याने काही वेगळे काढले (‘पाणी पाहिजे’, ‘डोकं दुखून राहिलं’) तर ते ऐकून, सोडवून परत मूळ प्रश्नावर आणणे. प्रश्न पुन्हा विचारण्याच्या तालमीचे ठरीव प्रश्न ‘पक्षी उडतात का?’, ‘मासे पोहतात का?’ असे असतात. समोरचा वाट्टेल ते बोलतो, आणि आपण शांतपणे पुन्हा विचारायचे.

माझ्या मते या सगळ्या खटाटोपात टिकाऊ काही असेल तर ते या तालमीत आहे. आपल्याकडे ऐकणारा माणूस दुसऱ्याच वाक्याला सल्ला देतो. ‘अरे सोड ना, त्यात काय एवढं’ हे वाक्य बैठकीत उच्चारले की बैठक संपलीच समजा. ऑडिटरच्या आचारसंहितेत दोन मनाया सगळ्यात वर आहेत: बोलणाऱ्याला त्याच्या गोष्टीचा अर्थ आपण सांगायचा नाही, आणि तो जे सांगतो ते खोटे पाडायचे नाही. पावतीतही फरक असतो. बोलणे चालू राहावे असे वाटत असेल तर हळूच ‘हौ’, आणि उत्तर पूर्ण झाले असेल तर स्पष्ट ‘बरं, समजलं’. पूर्ण पावती अर्ध्यावर दिली की माणसाला गप्प केल्यासारखे होते, आणि उरलेले तो परत सांगत नाही.

सुरुवात करणाऱ्यांनी आठवणींच्या हलक्या प्रश्नांपुढे जाऊ नये. जी वेळ अगदी डोळ्यापुढे उभी राहते अशी एक आठवा. कोणाशी मनमोकळे बोलणे झाले अशी वेळ आठवा. कोणाबद्दल खरा जिव्हाळा वाटला अशी वेळ आठवा. या तीन प्रश्नांची फेरी चालू ठेवायची आणि माणूस हलका झाला, चेहरा उजळला, त्याला स्वतःहून काही उमगले, की तिथेच थांबायचे. पुढे ओढले तर मिळालेलेही जाते. त्याला ‘ओव्हररन’ म्हणतात. नवख्यांची सगळ्यात मोठी चूक हीच. ‘छान चाललंय तर अजून अर्धा तास’ म्हणतात आणि माणूस वैतागून उठतो.

बैठकीआधी झोप पुरेशी, पोट भरलेले आणि चोवीस तासांत दारू नाही, एवढे पाहतात. मीटरवर याची एक तपासणी आहे: बोलणाऱ्याने खोल श्वास घेऊन सोडायचा, काटा उजवीकडे पडला तर ठीक, नाही पडला तर खाणे किंवा झोप कमी. तेव्हा चतुर्थीच्या किंवा नवरात्राच्या उपासाला बैठक नको. सोंगणी आटोपून आलेल्या माणसाला संध्याकाळी बसवणेही नको. खर्रा तोंडात असताना तर बोलणेच होत नाही, शिवाय निकोटिनने हातांच्या रक्तवाहिन्या आकसतात, हात गार पडतात आणि त्याचा परिणाम थेट काट्यावर होतो.

आणि काट्याबद्दलच मुख्य सांगायचे आहे. ई-मीटर म्हणजे बारावीच्या भौतिकशास्त्रात असतो तो व्हीटस्टन ब्रिज. दोन्ही हातांत धातूचे डबे, त्यांतून शरीरात अगदी क्षीण प्रवाह, आणि त्वचेचा विद्युत रोध बदलला की काटा हलतो. व्होल्नी मॅथिसन नावाच्या अमेरिकी माणसाने केलेले हे यंत्र १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हबर्ड यांनी घेतले. मोठ्या फिरत्या खुंटीला ‘टोन आर्म’ म्हणतात: ५,००० ओहमला ती २ वर, १२,५०० ओहमला ३ वर यायला हवी. कुठलाही मीटर, विकत घेतलेला असो की घरी जोडलेला, आधी या दोन खुणांवर तपासावा. १० हजार ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडले की बरोबर ५,००० होतात. १२ हजार आणि ४७० एकापुढे एक जोडले की १२,४७०, म्हणजे कामापुरते १२,५००. एक टक्का अचूकतेचे, मेटल फिल्म प्रकारचे घ्यावेत.

घरी जोडणाऱ्यांचा पहिला अपेक्षाभंग असा की शाळेच्या प्रयोगशाळेतला गॅल्व्हनोमीटर हलतच नाही. ३ व्होल्टवर, हातांचा रोध १२,५०० ओहम असताना तो २ टक्के बदलला तर ब्रिजवर जेमतेम १५ मिलिव्होल्ट मिळतात. मध्ये ऑप-अँप (क्षीण संकेत वाढवणारी चिप) लागतो, आणि त्याची संवेदनशीलता माणसागणिक बदलावी लागते. रीत अशी की बोलणाऱ्याने डबे हलकेच दाबले असता काटा डायलच्या एक तृतीयांश पडावा. वीज फक्त सेलची. मोबाइलच्या चार्जरवर मीटर चालवून माणसाच्या हातात डबे देणे हा धोका आहे. खेड्यांत अर्थिंगची काय अवस्था असते ते वायरमनला विचारा.

डब्यांसाठी सरळ बाजूंचे स्टीलचे पेले चांगले, व्यास साडेसहा ते सात सेंटिमीटर. खाली निमुळता पेला पकडीतून घसरतो आणि प्रत्येक घसरणीला काटा उडी मारतो. दुधाच्या किंवा रसगुल्ल्याच्या पत्र्याच्या डब्यांना बहुधा लॅकरचा पातळ थर असतो, तो खरवडला नाही तर वीज वाहतच नाही. खरवडला तर घामाने गंजतो. स्टीलवर साधे सोल्डर धरत नाही, क्रोकोडाइल क्लिप लावावी.

हे सगळे जमले तरी आमच्याकडचे हात उरतात. ज्याने वर्षानुवर्षे डवरा धरला, खुरपे चालवले, जिच्या बोटांना कापूस वेचताना बोंडांच्या टोकांनी ओरखडे पडून कातडी राठ झाली, त्यांच्या तळहाताचा रोध मुळातच जास्त असतो. टोन आर्म ४ च्या वर जाऊन बसते. आता पुढची साखळी पाहा. जुना पुस्तकी नियम असा की माणूस मोकळा झाला की काटा संथ लयीत इकडून तिकडे तरंगतो, त्याला ‘फ्लोटिंग नीडल’ म्हणतात, आणि तो टोन आर्म २ ते ३ च्या दरम्यान असेल तरच मानायचा. समोर बाई हसते आहे, हलकी झाली आहे, आणि मीटरवर ४.५. नवखा ऑडिटर म्हणतो अजून काहीतरी दडले आहे, आणि खणत राहतो. मग ओव्हररन, मग चिडचीड, मग ‘हिची केस जड आहे’ असा शेरा. दोष तळहाताच्या घट्ट्यांचा असतो. हबर्ड यांनी स्वतः १९७० च्या दशकात ‘फॉल्स टीए’ (टीए म्हणजे टोन आर्म) या नावाखाली अशी कारणे सांगितली होती: कोरडे हात, घट्टे, ओले हात, गार डबे, चुकीच्या मापाचे डबे, सैल पकड, अंगठ्या, घट्ट जोडे. बाहेर शिकणाऱ्यांच्या हाती मीटर लवकर येतो, ही यादी उशिरा.

उपाय साधा आहे. हात कोमट पाण्याने धुऊन पुसायचे, व्हॅनिशिंग क्रीम थोडे चोळून पूर्ण जिरवायचे, मग डबे द्यायचे. खोबरेल तेल नको. तेल वीज अडवते, आकडा आणखी चढतो. डिसेंबरच्या सकाळी डबे आधी अंगाशी धरून कोमट करावेत. उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट हातांवर आला की हात गार होऊन आकडा वर, आणि कूलर बंद केला की घामाने तळवे ओले होऊन आकडा दोनच्या खाली. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना मीटरवर काही वाचायला जाऊच नये. नुसते बोलावे.

जाणत्या ऑडिटरनाही अडचणीची वाटेल अशी आणखी एक गोष्ट. नियम सांगतो की प्रश्नाचा शेवटचा शब्द संपतो त्याच क्षणी काटा हलला तरच ती नोंद खरी, उशिरा हलला तर सोडून द्यायची. पण शरीरशास्त्र असे की भावनेने घर्मग्रंथी जागी होऊन त्वचेचा रोध बदलायला साधारण एक ते तीन सेकंद लागतात. मग त्या क्षणाला हलणारा काटा कशाने हलतो? बोटांच्या दाबाने, श्वासाने, दंडाच्या हालचालीने हलण्याची शक्यताच जास्त. ज्याला मीटर ठेवायचाच आहे त्याने तो ‘इथे थोडे थांबून विचारू का’ एवढ्या इशाऱ्यापुरता ठेवावा.

नाहीतर काय होते ते ‘रॉक स्लॅम’वरून कळेल. काटा वेडावाकडा, झटक्याने दोन्ही बाजूंना आपटू लागला की त्याला हे नाव आहे, आणि सायंटॉलॉजीत त्याचा अर्थ फार वाईट लावतात: माणसाच्या मनात दुष्ट हेतू आहे. हाच आपटणारा काटा अंगठी डब्याला घासली तरी दिसतो, पाटली सरकली तरी दिसतो, क्लिप सैल असली तरी दिसतो. ज्या मुलखात भानामतीच्या आणि चेटकीच्या संशयावरून बायकांना मारहाण झाली आहे, तिथे सुनेच्या हातात डबे देऊन ‘हिच्या मनात वाईट आहे, यंत्रच सांगते’ असे कोणी बोलले तर त्या घरात काय होईल? २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत एखादी व्यक्ती करणी, जादूटोणा करते असे भासवणे हा गुन्हा आहे. यंत्राचा आडोसा घेतल्याने तो गुन्हा सौम्य होत नाही. म्हणून अंगठ्या, पाटल्या, घड्याळ काढूनच बसवावे, आणि कोणाच्या चोरीचा, चारित्र्याचा, हेतूचा निवाडा मीटरवर कधीही करू नये. चर्चमध्ये मीटरवर उलटतपासणी घेण्याचा प्रकार आहे, तो बाहेरच्यांनी उचलू नये हे उत्तम. अमेरिकेतही १९६३ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने हे मीटर जप्त केले, आणि १९७१ च्या निकालानंतर त्यावर ‘रोगनिदान वा उपचारासाठी उपयोगाचा नाही’ अशा अर्थाची सूचना लावणे भाग पडले.

फवारणीच्या दिवसांत तर जास्तच जपावे. ऑरगॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक अंगात भिनले की घाम फुटतो, लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, डोके गरगरते. अशा माणसाला मीटरवर बसवले तर टोन आर्म तळाला जाईल आणि ‘जुनी आठवण उसळली’ असा अर्थ लावला जाईल. त्याला त्या घडीला अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचे औषध लागते, म्हणजे दवाखाना. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

याच ठिकाणी ‘प्युरिफिकेशन’ नावाचा भाग येतो, आणि त्याबद्दल माझे मत स्वच्छ आहे: हातच लावू नका. यात रोज पाच तासांपर्यंत सॉना (तापवलेल्या खोलीत घाम काढत बसणे), धावणे, तेल, जीवनसत्त्वे आणि नायसिन या ब-३ जीवनसत्त्वाच्या चढत्या मात्रा असतात, १०० मिलिग्रॅमपासून ५,००० पर्यंत. सांगतात की घामावाटे अंगातली रसायने, कीटकनाशके निघून जातात. नायसिनने अंग लाल होते ते त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावल्याने. विष बाहेर पडण्याशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेत गोळ्यांतून घ्यायच्या नायसिनची प्रौढांसाठीची सुरक्षित मर्यादा दिवसाला ३५ मिलिग्रॅम धरली आहे; ग्रॅमच्या मात्रेत यकृताला इजा होऊ शकते. ऑरगॅनोफॉस्फेटचे शरीरात विघटन होते आणि ती मुख्यतः लघवीवाटे जातात. फवारणी करणाऱ्या मजुराला पत्र्याच्या खोलीत बसवून घाम काढणे म्हणजे आधीच पाणी कमी झालेल्या माणसाला उष्माघाताकडे ढकलणे.

‘असिस्ट’ म्हणून जे करतात, दुखऱ्या भागाभोवती बोटाने स्पर्श करून ‘माझं बोट जाणवतं का?’ विचारणे, डाव्या-उजव्या बाजूला आलटून पालटून, ते निरुपद्रवी आहे. पण आधी प्रथमोपचार, मग दुसरे काही. साप किंवा विंचू चावला असताना दवाखान्याऐवजी हे करत बसणे वर सांगितलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात अडकवू शकते, आणि जीव जाईल तो वेगळाच.

हबर्ड यांचा मानसोपचारावरचा राग सायंटॉलॉजीत खोलवर आहे आणि बाहेर पडलेल्यांनीही तो बरोबर नेला. मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असणाऱ्याला बैठकीला घेत नाहीत, म्हणून काही जण बैठकीसाठी गोळ्या बंद करतात. हे कधीही करू नये. अशा माणसाने बैठक सोडावी, गोळी नाही. ज्याला आवाज ऐकू येतात, ज्याची झोप आठवडाभर उडाली आहे, किंवा जो नापिकीने, कर्जाने खचून ‘आता कशाला जगायचं’ म्हणतो, त्याच्यासमोर आठवणींचे प्रश्न मांडू नयेत. तिथे १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक आणि जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग. माणसाला एकटे न सोडता सोबत घेऊन जावे.

राहिला वह्यांचा आणि पैशांचा विषय. ऑडिटर बैठकीत सगळे टिपून ठेवतो, आणि चर्चमध्ये त्या फायली संस्थेकडेच राहतात. बाहेर पडणाऱ्यांच्या मनात भीती याच फायलींची असते. गावात तर बोलणे पारावर पोचायला वेळ लागत नाही. म्हणून वही बोलणाऱ्याची असावी, बैठक संपताच त्याच्या हाती द्यावी, ठेवायची की चुलीत घालायची ते त्याने ठरवावे. मोबाइलवर रेकॉर्डिंग करू नये. घरच्यांपैकी कोणाचे ऑडिटिंगही करू नये; दिराने भावजयीला, सासूने सुनेला विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर येत नाही, आणि आले तर ते जेवताना बाहेर निघते.

चर्चमध्ये ऑडिटिंग साडेबारा तासांच्या गठ्ठ्याने, आगाऊ पैसे भरून घेतात, आणि बाहेरचे काही जणही तीच रीत चालवतात. आगाऊ देऊ नये. एक बैठक, तिचे पैसे, तेही पावती घेऊन. आणि जो ‘अर्धांगवायू, मधुमेह बरा करतो’ अशी जाहिरात करेल, त्याच्यासाठी १९५४ चा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे; तो अ‍ॅलोपॅथीवाल्याला, वैदूला आणि मीटरवाल्याला सारखाच लागू होतो.

आपला,
एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा